भाज्यांच्या गॅलेटचा तळ ओला राहतो: पारी आणि हिरव्या सॉसबद्दल मार्गदर्शन हवे आहे

निवांत_दुपार

नमस्कार. मी नागपूरला राहते. गेल्या महिन्यापासून फ्रेंच पद्धतीचे भाज्यांचे गॅलेट, म्हणजे साच्याशिवाय थेट ट्रेवर ठेवून कडा हातानेच आत दुमडलेला खारा टार्ट, घरच्या ओटीजीत करून पाहत आहे. आतापर्यंत तीन वेळा केले. तिन्ही वेळा वरून रूप देखणे आले, पण सुरी लावताच तळ ओल्या पोळीसारखा लिबलिबीत निघाला. तिसऱ्या खेपेला तर एका बाजूची मुरड उघडली आणि टोमॅटोचा रस ट्रेभर पसरून करपला. सासूबाईंनी वरच्या भाज्या चमच्याने आवडीने खाल्ल्या, पण पारी ताटलीत तशीच ठेवली.

माझी पद्धत अशी आहे. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम बटर वितळवून मोहनासारखे घालते, कोमट पाण्याने पीठ घट्ट मळते, दहा मिनिटे चांगले तिंबते आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवते. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी यांच्या चकत्या मीठ-मिरपूड लावून लगेच मांडते आणि १८० अंशांवर ४० मिनिटे भाजते. बटरऐवजी साजूक तूप घेतले तर पारी अधिक खुसखुशीत होईल का, हीही एक शंका आहे.

दुसरी अडचण सॉसची आहे. तुळस, कोथिंबीर, लसूण आणि ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फिरवले, तर सॉस कडवट झाला आणि तासाभरात काळपट पडला. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खमंग

तुमच्या कृतीत कष्ट कमी पडलेले नाहीत, उलट काही ठिकाणी ते जास्त झाले आहेत. करंजी किंवा पुरीच्या पिठाला मोहन कडकडीत घालायचे आणि पीठ तिंबून मऊ करायचे ही आपल्या हाताची सवय असते, पण गॅलेटची पारी नेमकी उलट वागणूक मागते. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असते. बटर थंड आणि तुकड्यांच्या रूपात पिठात राहिले, की लाटताना त्या तुकड्यांच्या पातळ चकत्या होतात आणि भट्टीच्या उष्णतेने त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पिठाचे पापुद्रे सुटतात. चिरोट्यात जे काम साटा करतो, ते इथे हे बटरचे तुकडे करतात. वितळलेले बटर पिठात एकजीव होते, त्यामुळे पापुद्रे सुटायला जागाच उरत नाही आणि वर दहा मिनिटे तिंबल्याने पारी चिवट होते.

माझे प्रमाण १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक, १२० ग्रॅम बटर, अर्धा चमचा मीठ आणि बर्फाचे पाणी ४ ते ५ मोठे चमचे असे आहे. बटर खारे असेल तर वेगळे मीठ घालू नये. कणकेमुळे चव खमंग येते, मात्र ती पाणी जास्त पिते, म्हणून शेवटचा चमचा हात राखून घालावा. बटर फ्रीजरमध्ये कडक करून जाड किसणीने किसावे आणि बोटांच्या टोकांनीच पिठात मिसळावे, कारण तळहाताची उष्णता त्याला सोसत नाही. पाणी शिंपडून पीठ फक्त गोळा करायचे असते, मळायचे नसते. मुठीत दाबल्यावर गोळा टिकतो, पण त्यात अजून थोडे कोरडे पीठ आणि बटरचे पिवळसर ठिपके दिसतात, अशा अवस्थेत हात थांबवावा. पहिल्यांदा करताना हे पीठ बिघडले असेच वाटते आणि आणखी पाणी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. गोळा चपटा करून किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवावा.

बटर ३२ अंशांच्या आसपास विरघळू लागते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर त्याहून कितीतरी तापलेले असते. म्हणून पीठ पहाटे भिजवावे, मैदाही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावा आणि पारी दोन बेकिंगच्या कागदांमध्ये लाटावी. लाटताना ती चिकटू लागली तर कागदासकट दहा मिनिटे फ्रिजमध्ये सरकवावी. तीन मिलिमीटर जाडीची, साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची पारी लाटून कडेला चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी.

तुपाबद्दल सांगायचे तर त्यात पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे वाफ होत नाही आणि पापुद्रे सुटत नाहीत. पारी नानकटाईसारखी भुरभुरीत होते. ती चवीला छान लागते, पण दुमडताना कडेला चिरा पडतात आणि तुमचा रस पुन्हा तिथूनच बाहेर येईल. घरचे लोणी वापरायचे असेल तर त्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून ते थंड पाण्याने धुऊन, दाबून निथळावे आणि मगच गोठवावे.

अंगतपंगत

खमंग यांनी पारीचे सर्व नीट सांगितले आहे. माझ्या मते तळ ओला राहण्याचे निम्मे कारण भाज्यांत आणि ओटीजीत आहे. टोमॅटो आणि झुकिनी यांच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि मीठ लावले की ते सुटू लागते. हे पाणी पारीवर सुटण्याऐवजी चाळणीत सुटू द्यावे. चकत्यांना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवाव्यात आणि मग स्वच्छ पंचावर पसरून वरून हलके दाबून टिपाव्यात. पंचा किती भिजतो ते पाहिले की हे सगळे पाणी आतापर्यंत कुठे जात होते हे लगेच कळते. वांगी आणि ढोबळी मिरची तेलाचा हात लावून आधी भाजून घ्यावीत, आणि पूर्ण गार होईपर्यंत पारीवर ठेवू नयेत. एका पारीला सगळ्या मिळून अर्धा किलो भाज्या पुरेत. भाज्यांची रास केली की वाफ आतच कोंडते.

पारी आणि भाज्या यांच्यामध्ये एक आडोसा हवा. मी मोठा चमचाभर भाजलेला रवा भुरभुरवते आणि त्यावर रात्रभर टांगलेल्या दह्याचा १५० ग्रॅम चक्का, मिरपूड आणि थोडे किसलेले चीज यांचा थर देते. रिकोटापेक्षा (मऊ इटालियन चीज) हा चक्का मला अधिक आवडतो, कारण त्याचा किंचित आंबटपणा भाजलेल्या भाज्यांच्या गोडीशी छान जुळतो.

ओटीजीला १८० अंश कमी पडतात. खालची आणि वरची अशा दोन्ही कॉइल सुरू ठेवून २१० अंशांवर वीस मिनिटे तापवावा आणि जड ट्रे आतच खालच्या खणात ठेवून तापू द्यावा. गॅलेट कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवले, की तळाला पहिल्या क्षणापासून आच मिळते. त्याआधी तयार गॅलेट पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले तर मुरड उघडत नाही. वेळ ४० ते ४५ मिनिटे लागतो, पण घड्याळावर विसंबू नये. उलथन्याने (तुमच्याकडे सराट्याने) एक कड उचलून तळ पाहावा आणि तो खरपूस तांबूस दिसला तरच बाहेर काढावे.

दक्षिणवारा

मी सहा वर्षांपासून मार्सेलमध्ये राहते, म्हणून सॉसबद्दल थोडे लिहिते. या भागात, म्हणजे प्रोव्हान्समध्ये, बेझिल (तुळशीच्या कुळातली सुवासिक पाने), लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात वाटून ‘पिस्तू’ करतात. इटलीतल्या जेनोव्हाच्या पेस्तो या तशाच सॉसमध्ये पाइन नट असतात, इथल्या पिस्तूत ते घालत नाहीत. तुमचा सॉस कडवट होण्याची दोन कारणे संभवतात. ऑलिव्ह तेल मिक्सरच्या वेगवान पात्यांखाली घुसळले गेले की त्यातला कडवटपणा वर येतो, म्हणून पाने खलबत्त्यात वाटावीत किंवा सुरीने बारीक चिरावीत आणि तेल शेवटी चमच्याने ढवळावे. दुसरे कारण तुळस असावी. अंगणातल्या तुळशीची चव लवंगेच्या अंगाने जाणारी आणि उग्र असते, आणि वृंदावनातली पाने सॉससाठी खुडणे अनेकांना रुचणारही नाही. आपल्याकडे ज्याचे बी फालुद्यात घालतात तो सब्जा मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बेझिलच्याच जातीचा आहे. त्याची पाने मिळाली तर जरूर वापरावीत, फक्त त्यांना बडीशेपेसारखा वास येतो हे लक्षात ठेवावे.

दोन्ही न मिळाल्यास एक जुडी कोथिंबीर, मूठभर पुदिना, लसणाची एकच पाकळी, मीठ आणि पाव वाटी तेल एवढ्यात उत्तम सॉस होतो. त्याला पिस्तू म्हणू नये, आणि हिरवी मिरची व दाण्याचे कूट घालून त्याची चटणीही करू नये, कारण भाज्यांची मंद गोडी त्याखाली दबून जाते. रंग टिकवायचा असेल तर पाने उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि कोरडी पिळून घ्यावीत. लिंबू मात्र वाढतानाच पिळावे, कारण आम्लाने हिरवा रंग हळूहळू शेवाळी होत जातो. सॉस भट्टीत घालू नये, गॅलेट पाच-दहा मिनिटे निवल्यावर वरून सोडावा.

रव्याऐवजी आणखी एक उपाय आहे. इकडे टोमॅटोच्या टार्टच्या तळाला डिजाँ मोहरीचा (वाटलेल्या मोहरीच्या फ्रेंच सॉसचा) पातळ हात फिरवण्याची घरोघरी पद्धत आहे. त्याने पाणी फारसे अडत नाही, पण टोमॅटोची चव एकदम उठून दिसते.

निवांत_दुपार

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज पहाटे साडेपाचला पीठ भिजवले. हात थांबवताना खरोखरच धीर धरावा लागला, कारण गोळ्यावर कोरडे पीठ दिसत होते. मात्र तासाभराने फ्रिजमधून काढला तेव्हा तो नीट लाटला गेला. तळ तांबूस आला, कापताना ‘कर्र’ असा आवाज झाला आणि तुकडा हातात आडवा धरला तरी वाकला नाही. एका ठिकाणी पारी पातळ लाटली गेल्याने तिथे थोडा ओलावा राहिला आहे. कोथिंबीर-पुदिन्याचा सॉस संध्याकाळपर्यंत हिरवागार राहिला. सासूबाईंनी यावेळी मुरडीची कड मागून घेतली.

आता दोन तुकडे उरले आहेत. उद्या गरम करताना पारी पुन्हा मऊ पडू नये म्हणून काय करावे? मायक्रोवेव्ह वापरला तर चालेल का?

अंगतपंगत

मायक्रोवेव्ह टाळावा, त्यात भाज्यांची वाफ पारीत शिरते. रात्री तुकडे न झाकता जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि उद्या जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटे गरम करा. सॉस वेगळा ठेवला असेल तर तो अर्धा तास आधी बाहेर काढा.