मदत हवी आहे: शेती अवजारांच्या छोट्या वर्कशॉपसाठी डिझाइन आणि मशीनिंगचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ आमचे शेती अवजारांचे वर्कशॉप आहे. डवरे, वखर, तिफणी आणि ट्रॅक्टरवरची पेरणी यंत्रे आम्ही बनवतो व दुरुस्त करतो. कापसाच्या हंगामात आसपासच्या जिनिंगची कामेही येतात. आजवर लेथ, ड्रिल आणि गॅस कटिंगवर काम निभत होते. आता तीन अक्षांची वापरलेली सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी) मिलिंग मशीन आणि पत्रा कापण्यासाठी सीएनसी प्लाझ्मा टेबल घेतले आहे. मिलिंगला फॅनुक कंपनीचा जुना कंट्रोलर असून टेबल मॅक-३ या संगणकावरच्या नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालते.

सॉफ्टवेअरची खरी गरज पेरणी यंत्रात खाचांतून दाणे टाकणाऱ्या चकतीमुळे निर्माण झाली. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या दाण्यांचा आकार वेगळा, दोन दाण्यांतले अंतरही वेगळे, त्यामुळे प्रत्येक पिकासाठी चकतीवरील खाचांची संख्या, रुंदी आणि खोली बदलावी लागते. शिवाय एकाच पिकाच्या दोन वाणांतही दाणा लहानमोठा असतो, आणि खाच किंचित मोठी झाली तरी एकाच जागी दोन दाणे पडून बियाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दर वेळी नव्याने रेखाटन करण्याऐवजी तक्त्यातले आकडे बदलले की पूर्ण चकती आणि तिचा टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराचा मार्ग) बदलावा, अशी सोय मला हवी आहे.

त्या दृष्टीने मी फ्रीकॅड हे डिझाइनचे सॉफ्टवेअर वापरून पाहत आहे. ते मुक्तस्रोत आहे, धंद्यासाठी वापरण्यास पूर्ण मोकळीक आहे, इंटरनेटवाचून चालते आणि त्यातला स्प्रेडशीट विभाग वर सांगितलेले काम नेमके करतो. पूर्वी त्यात सुरुवातीचे स्केच बदलले की पृष्ठभागांची नावे बदलून पुढची रचना मोडत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून हा त्रास बराच कमी झाला आहे. त्याच्या मशीनिंग विभागात फॅनुक आणि मॅक-३ या दोहोंसाठी पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचे त्या कंट्रोलरला कळणाऱ्या आज्ञांत (जी-कोडमध्ये) रूपांतर करणारे भाग, आहेत. मात्र जुन्या फॅनुकवर तो जी-कोड जसाच्या तसा चालतो की प्रोग्रामची सुरुवात, टूल बदल आणि ड्रिलिंगच्या ठरावीक आज्ञा (सायकल) हाताने दुरुस्त कराव्या लागतात, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.

अनेकांनी ऑटोडेस्क कंपनीच्या फ्यूजन या सॉफ्टवेअरचे नाव सुचवले आणि त्याचे टूलपाथ खरोखरच उत्तम आहेत. परंतु त्याची मोफत आवृत्ती वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक कामासाठी आहे. तिच्यात एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात, स्वयंचलित टूल बदल मिळत नाही आणि न कापता होणाऱ्या जलद हालचालीही कटिंगच्याच वेगाने होतात. आम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन काम करतो, त्यामुळे ती वापरणे मला योग्य वाटत नाही. कुलूप तोडलेली प्रत बसवून देतो असे सांगणारेही भेटले. तो मार्ग मला मुळीच नको आहे, कारण उद्या एखाद्या कंपनीचे काम मिळाले तर त्याचे रेखाटन मला उजळ माथ्याने दाखवता आले पाहिजे. दरवर्षी वर्गणी भरायची झाली, तर ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि अवजारांची मागणी बसते, त्या वर्षी आपल्याच रेखाटनांपर्यंत पोहोचण्याची अडचण होईल, ही माझी मोठी काळजी आहे. विकलेले पेरणी यंत्र कित्येक वर्षांनी दुरुस्तीला येते. तेव्हा त्याची फाइल माझ्याच संगणकावर उघडली पाहिजे.

प्लाझ्मासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे असे माझे मत होत आहे. ज्वाळेच्या काटाची रुंदी वजा करणे, भोक पाडून मग रेषेवर येणे, आतले कट आधी आणि बाहेरचे नंतर घेणे, बाहेरचा कट घड्याळाच्या दिशेने तर आतला उलट घेऊन काटाची सरळ बाजू भागाकडे ठेवणे, या गोष्टी मिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढूनताणून कराव्या लागतात. पत्रा कापण्यासाठीचे शीटकॅम हे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळते आणि डीएक्सएफ (रेखाटनाची) फाइल थेट घेते. एका पत्र्यात जास्तीत जास्त फाळ आणि पट्ट्या बसवण्याची त्याची सोय कितपत कामाची आहे? पत्र्याचा भाव पाहता आमची बचत तिथेच आहे.

संगणक साधा आहे, आठ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. वीज मधूनच जाते. मशीनवर आयटीआय झालेली दोन मुले काम करतात. ती जी-कोड वाचतात, पण इंग्रजी पुस्तिकेवरून शिकणे त्यांना जड जाते, म्हणून मराठी किंवा हिंदीतून शिकवणारे कोणी नागपूर-अमरावतीकडे असल्यास अवश्य सुचवावे.

फ्रीकॅड आणि शीटकॅम ही जोडी घेऊन ज्यांनी रोजचे, पैशाचे काम केले आहे, त्यांनी कृपया आपला कंट्रोलर कोणता होता आणि पोस्ट प्रोसेसरमध्ये काय बदलले हे सविस्तर लिहावे. खरिपाच्या चकत्यांचे काम उन्हाळ्यातच सुरू होते, तोवर मला निर्णय करायचा आहे. चकतीचे रेखाटन आणि फॅनुकवर सध्या चालणारा एक प्रोग्राम कोणाला तपासायचा असल्यास मी येथेच देईन.