पाहुणे फोटोग्राफर वर्गात येणार आहेत: ठाणे-नवी मुंबईकरांनो, कामाचं सांगा

दिवाळीनंतर आठवी-नववीसाठी बाहेरचे फोटोग्राफर बोलवायचे आहेत. चाळीस मुलं, तीन कॅमेरे, बाकी घरचे मोबाइल आणि हातात जेमतेम तीन तास. ज्यांनी असे वर्ग घेतलेत किंवा भरवलेत त्यांनी नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं ते लिहा. 'मुलांमध्ये आवड निर्माण व्हायला हवी' छापाचं नको, ते आम्हीही लिहू शकतो.

उपवनकर
कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी वर्गाचाच कॅमेरा करा. खिडक्यांना काळं कार्डशीट, कडांना चिकटपट्टी, मधोमध साधारण १ सेंमीचं भोक. भोकासमोर दोन-तीन मीटरवर पांढरी भिंत, नाहीतर ताणलेली चादर. बाहेरची इमारत तिच्यावर उलटी उमटते. दाराखालची फट आणि वरचे झरोके हमखास विसरतात, तिथे सतरंजी कोंबा. मुलं दोन मिनिटांत 'सर, काहीच दिसत नाही' म्हणतात, पण डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. खोली उन्हाची वेळ बघून निवडा. खिडकी पूर्वेला असेल तर समोरच्या इमारतीच्या आपल्याकडच्या बाजूवर ऊन दुपारनंतर येतं, पश्चिमेला असेल तर सकाळी. ऊन नसेल तर भिंतीवर नुसता राखाडी धुरळा दिसतो. शेवटी भोक दुप्पट करा: चित्र उजळतं आणि पुसट होतं.

नेरूळची खिडकी
मोबाइलवर अ‍ॅपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) शिकवायच्या फंदात पडू नका. बहुतेक फोनमध्ये ते बदलतच नाही. 'पोर्ट्रेट'मधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअर बनवतं, म्हणून चष्म्याच्या काड्या आणि मोकळे केस अर्धवट कापले जातात. अ‍ॅपर्चर त्या तीन कॅमेऱ्यांवर, फोनवर प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते. छताचा पंखा उत्तम विषय आहे: फोन बाकावर टेकवून १/४ सेकंदाला चकती दिसते, १/१००० ला पाती जवळपास थांबतात. हे खिडकीच्या उजेडात, दिवे बंद करून करा. ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी चालू असेल तर वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० केलं की पट्टे जातात. फोन बिघडला म्हणून कुणी घाबरायला नको. मुद्दाम पट्टे आणून दाखवा, हा प्रयोग मुलं विसरत नाहीत.

खारेगाव फाटा
चेहऱ्याच्या फोटोला महागडे दिवे नकोत. खिडकी मुलाच्या एका बाजूला येईल असं त्याला बसवा, अंधाऱ्या गालाकडे हातभर अंतरावर पांढरा थर्माकोल धरा. मग त्याच जागी काळा चार्ट पेपर धरून फरक बघा. भिंत पोपटी असेल (शाळांना हा रंग का आवडतो कोण जाणे) तर चेहराही आजारी दिसतो. तिच्यापासून लांब बसा.

ऐरोली खाडी
फ्लेमिंगोंची सहल ठेवणार असाल तर कॅलेंडरआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर पसरलेले असतात, भरतीला चिखल बुडाला की नेरूळकडच्या पाणथळींवर सरकतात. शिवाय दिवाळीनंतर लगेच थवे नीट जमलेले नसतात, जानेवारीनंतरचा शनिवार धरा. काळ्या चिखलापुढे फिकट पक्षी असला की कॅमेरा फसतो, पिसं पांढरी फटक होतात, एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) -०.७ ठेवा, म्हणजे थोडं गडद. मोकळ्या आकाशात उडताना उलटं, +१. उडत्या पक्ष्याला १/१६०० च्या खाली जाऊ नका. ४०० मिमीची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स नसेल तर पक्षी ठिपकाच येणार, तेव्हा मोबाइलवाल्यांना थव्याची रांग आणि मागचे टॉवर असा विषय द्या. चिखलात उतरू देऊ नका, तो पाय धरतो.

उपवनकर
एक राहिलं. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की आपल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. बॅगेची चेन न उघडता अर्धा तास तशीच बाहेर ठेवा. वाफ शर्टाने पुसली की लेन्सवर चरे.

धागाकर्ती
आभार! तीन कॅमेरे चाळीस जणांत कसे फिरवू? आणि पाहुण्या सरांना फोटो दाखवायचे कसे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर?

नेरूळची खिडकी
आठ-आठचे पाच गट करा. तीन गटांकडे कॅमेरा, एक पंख्याशी, एक थर्माकोलशी, दर पंचवीस मिनिटांनी बदल. तीन कॅमेऱ्यांवर तीन वेगळे विषय ठेवू नका, नाहीतर वेळ पुरत नाही. एका मुलाला दहाच क्लिक, पुसायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकलात तर तो दाबून लहान होतो आणि शटर-आयएसओची नोंदही उडते. मग सर 'हा कितीला काढलास?' विचारतात आणि पोरगं छताकडे बघतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नोंद टिकते. प्रत्येकी तीनच फोटो मागा, नाहीतर सव्वाशेच्या जागी चारशे येतील.