चार्ट बघून शेअर निवडताना अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी राजारामपुरीत राहतो. रात्री दुकान बंद केल्यावर तासभर चार्ट बघतो. भावाची ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला छेदून वर गेली की तेजी, एवढं कळतं. पण सरासरी मागच्या भावांवरूनच निघते, त्यामुळे छेद दिसेपर्यंत भाव बराच चढलेला असतो. गेल्या महिन्यात असाच एक शेअर घेतला, आठवड्यात खाली आला. व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअर्सची खरेदी-विक्री झाली ते, बघितलाच नव्हता.

आरएसआय (भावातल्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा आकडा) ७० च्या वर असला की खरेदी अति झाली असं समजून मी थांबतो, पण जोरदार तेजीतला शेअर कित्येक दिवस तिथंच टिकतो! मग घ्यायचा कधी? वीकली चार्टवर कल बघून डेलीवर खरेदी करता का? स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) आधीच्या तळाच्या किती खाली लावता? टिप नको, पद्धत सांगा. कोल्हापुरात कुणी असेल तर भेटायलाही येईन.