मदत हवी आहे : डेडलिफ्टमध्ये पाय आणि पाठ थकण्याआधी पकड सुटते, प्रगती मोजावी कशी?

नमस्कार.

माझे वय ४३ आणि वजन ६२ किलो आहे. ठाण्यात घराजवळच्या एका जिममध्ये मी आठवड्यातून तीन वेळा वजनांचा व्यायाम करते. स्क्वॉट, बेंच प्रेस, ओव्हरहेड प्रेस आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजन लावलेला बार उचलून ताठ उभे राहणे) हे चार मुख्य प्रकार, त्यांच्या जोडीला रोइंग आणि थोडे पोटाचे व्यायाम, असा साधा आराखडा आहे. पहिल्या तीन प्रकारांत वजन हळूहळू का होईना, वाढते आहे. डेडलिफ्टचा आकडा मात्र ८० किलोपाशी अडून बसला आहे आणि तो नेमका कशामुळे अडला आहे, हे माझ्या वहीवरून मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे. ८० किलोच्या सेटमध्ये (म्हणजे सलग केलेल्या एका फेरीत) पहिल्या तीन रेप (उचलण्याच्या खेपा) व्यवस्थित होतात. चौथ्या रेपला बार गुडघ्यांच्या वर आला की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आधी उघडू लागतात, बार बोटांच्या टोकांकडे घरंगळतो आणि तो खाली ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही. त्या क्षणी दम लागलेला नसतो, पाठीची ठेवण बिघडलेली नसते आणि मांड्यांमध्ये जोर शिल्लक असल्याचे स्पष्ट जाणवते. हे पाहून आमच्या प्रशिक्षकांनी मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे स्ट्रॅप (पट्टे) दिले. ते बांधून ९० किलोच्या पाच रेप झाल्या, तेही फारशी ओढाताण न होता. प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की यापुढे स्ट्रॅप बांधूनच करावे आणि पकडीचा विषय सोडून द्यावा. मला ते पटलेले नाही, कारण जे वजन मी स्वतःच्या हातांनी धरू शकत नाही ते माझ्या खात्यात कसे जमा करायचे, हा प्रश्न उरतोच.

आता नोंदींविषयी. वहीत मी तारीख, वजन, सेट आणि रेप लिहिते आणि रविवारी ते एक्सेलमध्ये भरते. तिथे वजन, सेट आणि रेप यांचा गुणाकार करून त्या दिवशी एकूण किती किलो उचलले हे काढते आणि त्याचा आलेख पाहते. स्ट्रॅप बांधलेले आणि न बांधलेले सेट त्यात एकत्रच असतात. आलेख चढता दिसतो, पण बिनस्ट्रॅपची चौथी रेप काही होत नाही. तेव्हा आलेख खरा मानावा की हात?

काही तपशील उपयोगी पडतील म्हणून देते. जिममध्ये दोन लांब बार आहेत. मुलाच्या व्हर्नियर कॅलिपरने मोजले तेव्हा एक २८ मिलिमीटर जाडीचा आणि दुसरा ३० मिलिमीटरचा निघाला. जाड बारवरची खरखरीत जाळी मधल्या भागात जवळजवळ गुळगुळीत झाली आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत बहुधा तोच वाट्याला येतो. माझा पंजा लहान आहे. आरसे आणि फरशी खराब होते या कारणाने चॉक पावडर वापरायला परवानगी नाही. पावसाळ्यात हातांना इतका घाम येतो की टॉवेलने पुसूनही उपयोग होत नाही. हातमोजे घालून पाहिले, तर पकड आणखी लवकर सुटली. याचे कारणही कळलेले नाही.

स्ट्रॅप कधी वापरावेत आणि कधी टाळावेत, पकडीसाठी वेगळा व्यायाम करावा का आणि केला तर आठवड्यात कुठे बसवावा, आणि नोंदी कशा ठेवल्या म्हणजे पकड वाढते आहे की पाठ व पाय, हे वेगवेगळे कळेल, एवढे मला जाणून घ्यायचे आहे. हाताने दाबायचे स्प्रिंगचे ग्रिपर घरी आहेत. त्यांचा उपयोग होत असेल तर तेही सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे. एपलीचे सूत्र असे : उचललेल्या वजनाला रेपच्या संख्येने गुणून ३० ने भागावे आणि येणारा आकडा मूळ वजनात मिळवावा, जास्तीत जास्त एका रेपला किती वजन उचलता येईल याचा अंदाज मिळतो. बिनस्ट्रॅपच्या ८० किलोच्या तीन रेपवरून हा अंदाज ८८ किलो येतो आणि स्ट्रॅप बांधून केलेल्या ९० किलोच्या पाच रेपवरून १०५ किलो. पाठ आणि पाय जे करू शकतात आणि हात जे धरू शकतात, त्यांच्यात आज १७ किलोंची तफावत आहे. तुम्हाला हवे असलेले माप हेच आहे. (हे सूत्र पाच-सहा रेपपर्यंत बरे चालते, दहाच्या पुढे त्यावर फारशी भिस्त ठेवू नये.)

त्यामुळे स्ट्रॅपसह डेडलिफ्ट आणि बिनस्ट्रॅपचा डेडलिफ्ट हे दोन वेगळे व्यायामप्रकार आहेत असे समजून एक्सेलमध्ये दोन स्वतंत्र रकाने करावेत आणि दोन्ही एका रेषेत कधीही जोडू नयेत. दोन्ही रेषा वर जात असतील आणि तफावत कमी होत असेल, तर पकड पाठीला गाठते आहे. स्ट्रॅपची रेषा वर गेली आणि दुसरी जागच्या जागी राहिली, तर स्ट्रॅपचा वापर जास्त होतो आहे. दोन्ही थांबल्या, तर दोष पकडीचा नाही. झोप, आहार किंवा आराखडा यांच्याकडे पाहावे लागेल.

एकूण किलोंच्या आलेखाने तुमची दिशाभूल केली आहे. ६० किलोच्या दहा रेपचे चार सेट केले की बेरीज २४०० किलो होते आणि ८० किलोच्या तीन रेपचे चार सेट केले की अवघी ९६०. हलका दिवस जड दिवसाच्या अडीचपट दिसतो. शरीरावर किती भार पडला आणि विश्रांती किती लागेल, याचा अंदाज घ्यायला ती बेरीज ठीक आहे. ताकद वाढली का, हे मात्र त्या दिवसाच्या सर्वांत जड चांगल्या सेटवरूनच पाहावे, आणि तेही तोच बार व तीच पकड असताना. तुमच्याकडचे दोन बार वेगळे आहेत, म्हणून कोणता बार होता हे लिहिलेच पाहिजे. ३० मिलिमीटरच्या झिजलेल्या बारवरचे ८० किलो हे २८ मिलिमीटरच्या बारवरच्या ८० किलोंपेक्षा हातांना बरेच जड असतात. तुलनेसाठी सांगतो, वेटलिफ्टिंगमध्ये स्त्रियांच्या बारची जाडी २५ मिलिमीटर आणि वजन १५ किलो असते, तर पुरुषांचा बार २८ मिलिमीटर आणि २० किलोंचा. तुमचे हात लहान आहेत आणि बार जाड आहे. पकड सुटण्यात या गोष्टीचा वाटा लहानसहान नाही. शक्य झाल्यास दोन्ही बार एकदा काट्यावर ठेवून पाहावेत, कारण सगळेच बार २० किलो भरतात असे नाही.

माझ्या वहीत आणखी एक रकाना असतो आणि बाकी सगळे सोडले तरी तो मी सोडणार नाही. सेट का थांबला, हे त्यात एका शब्दात लिहायचे : पकड, पाठ, पाय किंवा दम. शेजारी आणखी किती रेप शिल्लक होत्या याचा अंदाज लिहायचा. दोन महिन्यांनी हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला की कच्चा दुवा शोधत बसावे लागत नाही.

हातमोज्यांचे कारण सोपे आहे. कापडाचा किंवा चामड्याचा थर बारवर चढला की तुमच्या बोटांसाठी बार तेवढा जाड होतो, शिवाय मोजा तळहातावर सरकतो तो वेगळाच. ते काढून टाकावेत. पावडरला मनाई असली तरी द्रवरूप चॉकबद्दल व्यवस्थापनाशी बोलून पाहावे. त्यातले अल्कोहोल उडून जाते, मॅग्नेशियम कार्बोनेटचा पातळ थर हातावर राहतो आणि फरशीवर पांढरा सडा पडत नाही. बार तळहाताच्या मधोमध न धरता बोटांच्या मुळाशी धरावा. मधोमध धरलेला बार वजन आले की खाली सरकतोच आणि जाता जाता कातडी चिमटून घट्टे फाडतो.

स्ट्रॅपचा प्रश्न तुम्हाला स्पर्धेत उतरायचे आहे की नाही यावर थोडा अवलंबून आहे. तो विचार आहे का?

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल आभार. तफावत मोजण्याची कल्पना मला सुचली नव्हती आणि ती पटली. स्पर्धेचे अजून निश्चित नाही, पण चाळिशीच्या पुढच्यांसाठी पॉवरलिफ्टिंगमध्ये मास्टर्स गट असतो असे कळल्यापासून मनात आहे. जिममधील काही जण एक तळहात स्वतःकडे आणि दुसरा समोर, अशी उलटसुलट पकड घेतात आणि त्यांचा बार सुटत नाही. मी ती शिकावी का, हेही सांगावे.

प्रतिसाद १

स्पर्धा मनात असेल, तर पॉवरलिफ्टिंगच्या डेडलिफ्टमध्ये स्ट्रॅप चालत नाहीत हे आधी लक्षात घ्यावे; चॉक चालतो. म्हणून वॉर्म-अपचे सगळे सेट आणि पकड टिकते तोवरचे जड सेट मोकळ्या हातांनी करावेत. पकड संपल्यावर उरलेल्या एक-दोन सेटना स्ट्रॅप बांधावेत, म्हणजे पाठ आणि पाय यांना त्यांचा पुरेसा व्यायाम मिळतो. स्ट्रॅप अजिबात नकोत हा हट्ट मला पटत नाही, आणि तुमच्या प्रशिक्षकांचे पहिल्या सेटपासून बांधण्याचे मतही पटत नाही.

दोन्ही तळहात आपल्याकडे असताना बार बोटांच्या दिशेने फिरतो. उलटसुलट पकडीत एका हातातून तो ज्या दिशेने सुटू पाहतो ती दुसऱ्या हातात मिटणारी दिशा असते, म्हणून तो जागेवर राहतो. स्पर्धेत बहुतेक जण हीच पकड घेतात. जोखीम आहे ती ज्या हाताचा तळवा समोर असतो त्याच्या दंडाला. कोपर वाकवून बार ओढला, तर बायसेप्सचा स्नायुबंध फाटू शकतो. कोपर पूर्ण सरळ ठेवण्याची सवय लागेपर्यंत तिच्या नादी लागू नये. अंगठा बोटांखाली दाबून धरायची हुक ग्रिप हा दुसरा पर्याय आहे. वेटलिफ्टिंगमध्ये तीच रूढ आहे. सुरुवातीला अंगठा चांगलाच दुखतो आणि लहान पंजाला जाड बारवर ती कठीण जाते. २८ मिलिमीटरच्या बारवर, कमी वजनावर सुरुवात करून पाहावी.

प्रतिसाद २

ताई, वर नोंदींविषयी पुरेसे सांगून झाले आहे. मी केवळ पकडीच्या व्यायामाविषयी लिहितो. लहानपणी मल्लखांब केल्यामुळे या विषयाशी जुना संबंध आहे.

घरातल्या स्प्रिंगच्या ग्रिपरकडून फार अपेक्षा ठेवू नका. मूठ आवळण्याची ताकद वेगळी आणि आधीच मिटलेली मूठ वजनाखाली उघडू न देण्याची ताकद वेगळी. डेडलिफ्टला दुसरी लागते. हाताच्या डायनॅमोमीटरचेही (पकडीची ताकद मोजणाऱ्या उपकरणाचेही) तेच. त्यावरचा आकडा प्रकृतीचा निदर्शक म्हणून महत्त्वाचा आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत पकडीची ताकद दर ५ किलोंनी कमी असण्याचा अकाली मृत्यूच्या वाढत्या प्रमाणाशी संबंध आढळला होता आणि तो अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पण तुमचा बार कधी सुटेल, हे त्यावरून कळत नाही.

बहुतेक जण तुम्हाला बारला लटकायला सांगतील. त्याआधी एक हिशेब करा. तुमचे वजन ६२ किलो, म्हणजे लटकताना प्रत्येक हातावर ३१ किलो येतात. ८० किलोच्या डेडलिफ्टमध्ये प्रत्येक हातावर ४० किलो असतात. केवळ लटकून तुम्ही सध्या धरता त्यापेक्षा कमी वजन धरण्याचा सराव करणार. जास्त वेळ धरून राहण्याची क्षमता वाढेल, ताकद फारशी नाही. सुरुवातीला लटकणे चांगले, खांद्यांनाही चांगले, परंतु एक मिनिट सहज टिकू लागलात की वेळ वाढवण्याऐवजी कमरेला वजन बांधा किंवा बारवर टॉवेल टाकून त्याची दोन टोके धरा.

तुमच्यासाठी सर्वांत थेट व्यायाम म्हणजे बार धरून उभे राहणे. रॅकमध्ये (बार टेकवायच्या चौकटीत) बार गुडघ्यांच्या किंचित वर ठेवा, ८५ किलो भरा, दोन्ही तळहात आपल्याकडे ठेवून तो उचला आणि दहा सेकंद उभ्या राहा. पंधरा सेकंद जमले की अडीच किलो वाढवा. दोन-तीन वेळा पुरे. हे डेडलिफ्टच्याच दिवशी, सगळे झाल्यावर करावे. आदल्या दिवशी केले तर थकलेले हात घेऊन डेडलिफ्टला उभे राहावे लागेल. आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी फार्मर्स वॉक करावा, म्हणजे दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणे. यांचीही नोंद स्वतंत्र असावी : वजन, सेकंद आणि आधी उघडलेला हात. तुमचा उजवा हात आधी सुटतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे हा शेवटचा तपशील महत्त्वाचा ठरेल.

तालमीत दोरी चढणे हा जुना आणि उत्तम प्रकार आहे, मात्र पाय न लावता. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातही धरली जाते आणि बराच भार तिथे जातो. मुद्गल किंवा करेला (तालमीतली जड लाकडी साधने) फिरवण्याने मनगट आणि खांदे तयार होतात, पण हातावर येणारे वजन डेडलिफ्टच्या जवळपासही नसते. आवड म्हणून जरूर करा, पकडीचा मुख्य व्यायाम म्हणून नव्हे.

एक सावधगिरी. स्नायू लवकर वाढतात, स्नायुबंध सावकाश. पकडीच्या व्यायामाचा उत्साह पहिल्या महिन्यात कोपराच्या आतल्या बाजूला दुखणे म्हणून बाहेर येतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा करू नका, आणि बोटांभोवती जाड रबर बँड घालून ती उघडण्याचा व्यायामही जोडीला ठेवा, कारण आपण दिवसभर मूठ मिटवतोच, उघडण्याचे स्नायू दुर्लक्षित राहतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. द्रवरूप चॉकबद्दल आज विचारले. फरशीवर डाग पडणार नसेल तर हरकत नाही, असे उत्तर मिळाले. एक शंका राहिली : रॅकमधून धरताना बार २८ मिलिमीटरचा घ्यावा की मुद्दाम ३० चा?

प्रतिसाद २

२८ चा. आकड्यांची तुलना करता येण्यासाठी मुख्य डेडलिफ्ट आणि हे धरणे, दोन्ही एकाच बारवर असू द्या. गर्दीच्या दिवशी जाड बार वाट्याला आला, तर धरण्याचे वजन पाच-दहा किलोंनी कमी करा आणि वहीत ‘जाड बार’ असे लिहून तो सेट आलेखातून वगळा.