'रोलिन अँड टंबलिन' नक्की कोणाचं?

मांडवीकर: हे ब्लूज गाणं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) बहुतेक ठिकाणी गायक मडी वॉटर्सच्या नावावर दिसतं (१९५०). चाल मात्र जुनी वाटते. छडा कसा लावायचा?

खाडीकाठ: शंका रास्त आहे. याच चालीची हॅम्बोन विली न्यूबर्नची तबकडी १९२९ ची. १९३६ मध्ये रॉबर्ट जॉन्सनने तीच चाल वेगळ्या शब्दांना लावली. लेबलावरच्या नावावर जाऊ नका, श्रेय कोणी घेतलं तेवढंच ते सांगतं. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीतला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) तिरप्या उजेडात वाचा. ध्वनिमुद्रणाची तारीख त्यावरून शोधता येते. पुनर्मुद्रणात कॅटलॉग क्रमांक (कंपनीचा विक्रीसाठीचा क्रमांक) बदलतो, फसगत होते ती तिथेच. मग चाल आणि शब्द वेगवेगळे ताडून बघा.

जाखडीवेडा: आपल्या शक्ती-तुऱ्याच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात शाहिराच्या नावाची छाप तरी असते (तीही लोक बदलतात म्हणा!). ब्लूजमध्ये तीही सोय नाही. सुट्या ओळी या गाण्यातून त्या गाण्यात फिरत राहतात.

मांडवीकर: आणि 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधली लेव्ही म्हणजे कर ना?

खाडीकाठ: छे हो! नदीचा बांध, आपल्या खारबंधाऱ्यासारखा. कान्सास जो आणि मेम्फिस मिनीचं हे गाणं १९२९ चं, पण पूर मिसिसिपीचा, १९२७ चा.