आयसीयूतल्या कोविड पेशंटचं लिव्हर: पाच मिनिटांच्या फोनवर कोणते दोन प्रश्न विचारू?

झुळूक
बाबांचा (वय ६७) आयसीयूतला आज नववा दिवस. कोविड न्यूमोनिया, सहाव्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर. आत जाऊ देत नाहीत. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येतो, जेमतेम पाच मिनिटं. काल बोलता बोलता म्हणाले, "लिव्हरचे एन्झाइम्स थोडे वाढलेत, लक्ष आहे आमचं." मी नुसतं "बरं" म्हणाले आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. आज रिपोर्टचा फोटो मिळाला: लिव्हरचे एन्झाइम्स म्हणजे एसजीओटी १८६ आणि एसजीपीटी ११२, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) १.१, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) २.६, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) १.२. डायबेटिस आहे, लिव्हरचं पूर्वी काही नव्हतं. रेमडेसिविरचे (विषाणूवरचं औषध) पाच दिवस परवा पूर्ण झाले. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), अँटिबायोटिक, झोपेचं औषध, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू आहे.
चुलतभाऊ म्हणतोय, लिव्हरचे स्पेशालिस्ट असतील तिथे हलवू.
मला फक्त दोन प्रश्न सुचवा. दोनच. जास्त झाले की मी फोनवर गडबडते आणि सगळंच राहून जातं.

निशिगंध
ताई, आधी रेमडेसिविर बंद करायला लावा. माझ्या मामांचं एसजीपीटी तिसऱ्या डोसनंतर तीनशेच्या वर गेलं होतं, बंद केल्यावर आठवड्याभरात उतरलं. आणि हे विचाराच: लिव्हरवर येणारी कोणकोणती औषधं चालू आहेत, पॅरासिटामॉल दिवसाला किती, अँटिबायोटिक कोणतं, बुरशीवरचं औषध आहे का, सोनोग्राफी केली का, हिपॅटायटिस बी आणि सी तपासलं का, अमोनिया किती, लिव्हरचे डॉक्टर बघून गेले का. आठही विचारा. आम्हाला कुणी आपणहून काही सांगितलं नाही, तो राग अजून गेलेला नाही माझा.

गणितवाला
एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी, हे प्रमाण दारूमुळे खराब झालेल्या लिव्हरमध्ये दिसतं. वडील घेतात का? स्पष्ट विचारतोय, राग मानू नका.

झुळूक
नाही, कधीच नाही. आणि निशिगंध, रेमडेसिविर संपलंय, वर लिहिलं आहे.

रात्रपाळी
कोविड आयसीयूत नर्स आहे, ड्यूटी संपवून लिहितेय. गणितवाला, कोविडमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे. एसजीओटी एकट्या लिव्हरचं नसतं, स्नायूंतून आणि हृदयातूनही येतं. नऊ दिवस पडून असलेल्या, तापाने पिळून निघालेल्या माणसाचे स्नायू झिजतातच. सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, केली की कळतं. तेव्हा दारूचा प्रश्न इथे नको होता.
झुळूक, नॉर्मल साधारण ४० पर्यंत धरतात. म्हणजे बाबांचं एसजीपीटी तिपटीच्या आणि एसजीओटी साडेचारपटीच्या आसपास आहे. व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमध्ये आम्ही असे आकडे रोज बघतो. भीती वाटते ती एसजीपीटी एका रात्रीत हजारांत जातं तेव्हा. बीपी कोसळून राहिलं किंवा ऑक्सिजन फार खाली गेला की लिव्हरला रक्त पुरत नाही, त्याला शॉक लिव्हर म्हणतात. पण बीपी सावरलं तर ते आकडे जितके झपाट्याने चढतात तितकेच उतरायलाही लागतात. उलट एन्झाइम्स उतरत असताना बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असेल तर ती वाईट खूण, कारण तेव्हा पेशी वाचलेल्या नसतात, गळून संपलेल्या असतात.
म्हणून माझे दोन: १) बीपीसाठी नॉरअॅड्रेनलिन चालू आहे का, डोस वाढतोय की कमी होतोय? २) बिलिरुबिन आणि आयएनआर कालच्यापेक्षा कुठे आहे?

हिरवळ
अल्ब्युमिन २.६ कुणालाच दिसलं नाही का? लिव्हर अल्ब्युमिन बनवायचं थांबलंय! आमच्या सासूबाईंना आम्ही हट्टाने अल्ब्युमिनच्या बाटल्या लावायला लावल्या आणि त्या घरी आल्या. पहिला प्रश्न हाच विचारा.

रात्रपाळी
हिरवळताई, अंगात एवढा दाह असला की लिव्हर आपलं काम फिरवतं. सीआरपीसारखी प्रथिनं बनवण्यामागे लागतं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. शिवाय ते रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतं. आयसीयूतल्या बहुतेकांचं कमीच असतं, तेवढ्यावरून लिव्हर फेल म्हणत नाहीत. सासूबाई बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे, पण श्रेय बाटलीचंच असेल असं नाही.

हिरवळ
आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, पुस्तकात नाही.

वाटसरू
लिव्हरसाठी सिलिमरिनच्या गोळ्या येतात, वनस्पतीपासूनच केलेल्या, काही अपाय नाही. मी स्वतः घेतो. नळीतून देता येतील का विचारा. आणि रेमडेसिविर अजून चालू असेल तर थांबवा.

झुळूक
रेमडेसिविर संपलं आहे. 🙏

मेडिसिनवाला
वाटसरू, आयसीयूतल्या पेशंटला बाहेरून एकही गोष्ट देऊ नका. वनस्पतीपासून केलं म्हणजे लिव्हरला निर्धोक, असं नसतं. जडीबुटीच्या पावडरींनी लिव्हर सुजलेले पेशंट मी तपासले आहेत. लिव्हर आधीच पाच-सात औषधं एकदम निस्तरत असतं.
झुळूक, विषाणू लिव्हरमध्ये शिरू शकतो. त्याला पकडायला लागणारा एसीई-२ रिसेप्टर लिव्हरच्या मुख्य पेशींवर कमी आणि पित्तनलिकांच्या पेशींवर जास्त सापडतो. पण आयसीयूत एन्झाइम्स वाढतात ते सहसा कमी ऑक्सिजन, दाह, औषधं आणि रक्त तुंबणं असं सगळं मिळून. व्हेंटिलेटरचं प्रेशर जास्त ठेवावं लागलं की हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त परतायला अडथळा होतो आणि ते लिव्हरमध्ये तुंबतं. यातलं नेमकं कोणतं कारण, हे एका रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही. दिवसागणिक आलेख बघावा लागतो.
निशिगंध यांच्या आठांतला एक मात्र खरंच महत्त्वाचा आहे: हिपॅटायटिस बी. स्टेरॉइड चालू आहे, त्यात पुढे टोसिलिझुमॅब (दाह दाबणारं इंजेक्शन) द्यायचं ठरलं तर अंगात झोपलेला हिपॅटायटिस बीचा विषाणू जागा होऊ शकतो. साधी रक्ततपासणी आहे.
हलवण्याबद्दल: बिलिरुबिन १.१, आयएनआर १.२ असताना केवळ लिव्हरसाठी व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अॅम्ब्युलन्समध्ये घालायचं नाही. वाटेत ऑक्सिजन पडला तर ज्या लिव्हरसाठी निघालो त्यालाच फटका.

उंबरठा
हलवा. आम्ही भावाला बाराव्या दिवशी हलवलं म्हणून तो आज आहे. पहिल्या ठिकाणी राहिला असता तर संपलं होतं. नातेवाईकांनी ठाम राहायला लागतं.

रात्रपाळी
भाऊ व्हेंटिलेटरवर होते का?

उंबरठा
नाही, मास्कवर होता. पण मुद्दा तोच.

गणितवाला
सीपीकेचं पटलं. दारूचं विचारलं, चुकलं माझं. मग सीपीके आणि एलडीएच (पेशी दुखावल्या की वाढणारं एन्झाइम) दोन्ही विचारा. म्हणजे रात्रपाळींचे दोन अधिक हे दोन.

कडेकपारी
मी उशिरा लिहितेय. माझे यजमान पाच आठवडे व्हेंटिलेटरवर होते. एसजीपीटी कधीच फार वाढलं नाही, म्हणून आम्हाला लिव्हरबद्दल कुणी बोललंच नाही. घरी आल्यावर महिन्याभराने खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. रात्री उठून दाराच्या कडेला पाठ घासत उभे राहायचे, सकाळी बनियनवर रक्ताच्या रेघा. आम्ही मलमं लावत बसलो. मग लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) आणि जीजीटी, म्हणजे पित्तनलिका बिघडल्या की वाढणारे एन्झाइम्स, भयंकर वाढलेले. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) केल्यावर कळलं, आतल्या पित्तनलिका जागोजागी आकसल्या आहेत.
डॉक्टरांनी समजावलं ते असं: लिव्हरच्या पेशींना दोन रक्तवाहिन्यांतून रक्त मिळतं, बरंचसं आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून. पित्तनलिकांना मात्र फक्त हिपॅटिक आर्टरीचाच आधार. लांबलेल्या आजारात तो पुरवठा तुटला की पेशी तगतात, नलिका मरतात. खूप दिवस केटामाइन (गुंगीचं औषध) चाललं असेल तर त्याचाही संबंध असू शकतो म्हणाले, यांना ते दिलेलं होतं. आता ट्रान्सप्लांटसाठी तपासण्या चालू आहेत.
घाबरवायला लिहीत नाही. हे फार थोड्यांना होतं. पण सगळे एसजीपीटीच्या मागे आहेत आणि आमचं गेलं ते दुसऱ्याच रांगेतून. एएलपी आणि जीजीटी रोज विचार, झुळूक.

निशिगंध
कडेकपारी, वाचून काटा आला. झुळूक, हे पण धर, म्हणजे दहा.

मेडिसिनवाला
कडेकपारी यांचं बरोबर आहे, फक्त तो प्रश्न आजचा नाही. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही महिन्यांचा आहे. आज मी बिलिरुबिन-आयएनआरचा कल आणि हिपॅटायटिस बी विचारेन.

झुळूक
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आज सगळा धागा वहीत उतरवला. फोन यायच्या आधी मोजले, तेरा प्रश्न झाले होते. वही बंद केली.
बाबांना हलवत नाही. चुलतभाऊ चिडलाय.
तुम्ही बहुतेकांनी आकडे विचारायला सांगितले, पण मी उलटच केलं. डॉक्टरांना म्हटलं, मला रोजचे एन्झाइम्स नका सांगू. बिलिरुबिन किंवा आयएनआर वर सरकलं, नाहीतर बीपीचं औषध वाढवावं लागलं, तरच सांगा, आणि तेव्हा लपवू नका. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "चालेल. आज तिन्ही होतं तिथेच आहे." हिपॅटायटिस बी भरतीच्या दिवशीच तपासलेलं, निगेटिव्ह. ते न विचारताच सांगितलं.
दीड मिनिट झालं होतं. उरलेल्या वेळासाठी विचारलं, कुणी बाबांच्या कानाशी फोन धरेल का. सिस्टरनी धरला. पलीकडून मशीनचा आवाज येत होता, त्यात मी गावातली विहीर भरल्याचं वगैरे काहीबाही सांगत राहिले. आता रोज असंच करणार आहे.

रात्रपाळी
धरतो आम्ही फोन. सांगत जा, हक्काने.

उंबरठा
आकडे न विचारणं मला पटलं नाही. पण बाबा बरे होवोत.

कडेकपारी
एएलपीचं विसरू नकोस गं.

झुळूक
विसरणार नाही ताई. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय: घरी आल्यावर दर महिन्याला एएलपी, जीजीटी, आणि खाज सुटली तर मलम नाही, रक्त तपासायचं. तुमच्या यजमानांची तपासणी कधी आहे?

कडेकपारी
गुरुवारी.