मदत हवी आहे : चारचौघांत बोलण्याचा सराव कुठे करावा?

नमस्कार. मी धरमपेठेत राहतो आणि हिशेबाच्या कामात वर्षानुवर्षे टेबलामागेच रमलो आहे. आता मात्र बढतीनंतर मोठ्या बैठकांत नियमित बोलावे लागणार असल्याने ही सवयीची चौकट सोडणे भाग आहे. यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले होते की अवघड गोष्ट शिकताना ताण माफक असलेलाच बरा, त्यामुळे एकदम भरल्या सभागृहात उभे राहण्याचा मित्रांचा सल्ला (हेतू चांगला असला तरी) मला पटत नाही. पश्चिम नागपुरात आठ-दहा जणांचा, चुका स्पष्टपणे तोंडावर सांगणारा एखादा वक्तृत्व गट कोणाला ठाऊक आहे का? हिंदीचाही सराव झाला तर उत्तम, कारण आमच्या बैठका अर्ध्याअधिक हिंदीतच होतात. सायंकाळी सातनंतरची वेळ जमेल.